मंगळवारी बारा ते एक

पहिल्यांदा खटकलं ते एक प्रश्नचिन्ह. पेन्सिलीनं काढलेलं, ज्वारीच्या दाण्याएवढं.

बहारीनच्या अदलिया भागातल्या आमच्या ऑफिसात भिंतीवर एक तक्ता होता. इक्बालभाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पट्टी धरून आखलेला. युरोपातला एकेक देश आणि त्याच्यापुढे पहिल्या पदवीला लागणारी वर्षं. जर्मनी पाच, इटली चार किंवा पाच, इंग्लंड तीन, अशी यादी. अगदी तळाला आपल्या माणसांसाठी एक ओळ होती : इंडिया, तीन. त्या तिनापुढे ते प्रश्नचिन्ह. इंग्लंडच्या तिनापुढे काही नव्हतं.

"हे कोणी काढलं?" मी विचारलं. नोकरीचा पहिला दिवस होता आणि माझी बी.एस्सी.ची तीन वर्षं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी छातीशी धरली होती.

"मी नाय गो बाय," इक्बालभाई म्हणाले. "तिकडच्या युनिव्हर्सिट्यांची पत्रा येतात, त्यांत असता ता. मी फकस्त उतरवला."

पदव्यांच्या ऑफिसात किस्से कसले, असं लोकांना वाटतं. पण जिथं माणसं आपल्या आयुष्याची वर्षं फोल्डरमधून घेऊन येतात आणि "याचं तिकडे किती होतं?" म्हणून विचारतात, तिथं किस्से न साचले तरच नवल. माझ्याकडे साचले आहेत. मैत्रिणी म्हणाल्या लिहून काढ, म्हणून काढतेय.

ऑफिसात आम्ही तिघंच. मालक बू यूसुफ, म्हणजे यूसुफचे वडील. बहारीनमध्ये माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. ते इथल्या मुलांना युरोपातल्या विद्यापीठांत पाठवायचे, आणि तिकडून परत आलेल्यांच्या कागदांचं इथं काय मोल, ते सांगायचे. आमच्याशी हिंदीत बोलायचे, मध्येमध्ये 'खलास' म्हणजे पुरे आणि 'यल्ला' म्हणजे चल. इक्बालभाई रत्नागिरीचे. वीस वर्षं बहारीनमध्ये, टायपिंग, फायली आणि फॅक्स त्यांच्याकडे. तिसरी मी, रेवा. पुण्याहून भूशास्त्रात बी.एस्सी. करून दादा-वहिनीकडे सनद नावाच्या गावात राहायला आलेली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला ज्वालामुखी शिकायचे होते. कॉलेजच्या तीन वर्षांत हातोडी घेऊन सह्याद्रीतले काळे दगड फोडले, पण तो लाव्हा कधीच थंड होऊन बसलेला. जिवंत एकदा बघायचा होता. इटलीच्या दक्षिणेला एक विद्यापीठ आहे, त्याच्या खिडक्यांतून म्हणे धूर सोडणारा डोंगर दिसतो. मी तिथं अर्ज केला होता. फॅक्स वाजला की खुर्चीतून उडणारी मुलगी ज्वालामुखीवर जाणार, याचं घरी सगळ्यांना हसू यायचं. माझी सात वर्षांची भाची सई तेवढी गंभीरपणे विचारायची, "आत्या, व्हॉट इफ इट बर्स्ट्स व्हेन यू आर देअर?"

"मग तर फारच छान," मी म्हणायचे. ती आईला जाऊन सांगायची, "आत्या इज नॉट ओके."

*

एकदा एक व्यापारी गृहस्थ आले. मुलगा आणि पुतण्या, दोघांना त्यांनी जर्मनीत इंजिनिअरिंगला घातलं होतं. दोघंही परत आले होते. मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. गृहस्थांनी दोन्ही गुणपत्रकं टेबलावर ठेवली.

"पुतण्याला तीन पॉइंट नऊ. माझ्या भावाचा मुलगा आहे, वडील नाहीत त्याला, म्हणून मी स्वतः गाडी घेऊन दिली," ते म्हणाले. "आणि हा माझा दिवटा. एक पॉइंट तीन. याला दुकानात बसवलाय. फक्त एवढं बघा, या एकावर कुठं कारकुनी तरी मिळेल का?"

बू यूसुफनी चष्मा काढला. मग घातला. मग हळूच सांगितलं की जर्मनीत एक म्हणजे सर्वांत वर. चार म्हणजे कसाबसा पास. पाच म्हणजे नापास.

गृहस्थांनी मुलाकडे वळून पाहिलं. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, नापास झालेली मुलं असंच सांगतात."

*

बू यूसुफ स्वतः तरुणपणी इटलीत शिकलेले. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी सात वर्षांत पुरा केला. मला वाटायचं, नापास झाले असतील. विचारायचं कसं? एकदा इक्बालभाईंनीच विचारून टाकलं.

"नापास? मी?" बू यूसुफ हसले. "मी मार्क नाकारले."

तिकडे परीक्षा तोंडी. प्राध्यापक समोर बसवून विचारतात आणि लगेच आकडा सांगतात, तिसापैकी. तो आकडा विद्यार्थ्याला पसंत नसेल तर 'नको' म्हणायची मुभा. पुन्हा अभ्यास करायचा, पुन्हा जायचं. बू यूसुफना सत्तावीस मिळाले की ते नको म्हणायचे.

इक्बालभाईंचा हात टाइपरायटरवर तसाच राहिला. "मार्क नको म्हणायचा? आमच्या गावात पस्तीस पडले तर पेढे वाटतात, साहेब."

बू यूसुफनी खण उघडून एक छोटी चोपडी काढली. प्रत्येक परीक्षेपुढे प्राध्यापकाची शाईतली सही. त्यांनी एका सहीवर बोट ठेवलं.

"याच्याकडे मी तीनदा गेलो," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा तो म्हणाला, मुला, आता तीस घे आणि घरी जा. तुझ्या देशात तुझी कोणी वाट बघत असेल. म्हणून घेतले मी."

"मग?"

"मग काय. घरी आलो." त्यांनी चोपडी परत खणात ठेवली. "त्याचं ऐकायला नको होतं."

*

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये बातमी आली. तिकडे बोलोन्या शहरात तीसेक देशांचे शिक्षणमंत्री जमले आणि त्यांनी एका कागदावर सह्या केल्या. आता सगळ्या युरोपात उच्च शिक्षणाची घडी सारखी बसवायची. आधी निदान तीन वर्षांची पहिली पदवी, मग पुढची. एका देशात शिकलेलं दुसऱ्या देशाला कळलं पाहिजे, वर्षांऐवजी श्रेयांक मोजायचे, मुलांनी हवं तिकडे जावं. बू यूसुफनी फॅक्सवर आलेली चार पानं आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली.

माझं लक्ष 'तीन' या शब्दापाशीच अडकलं. तीन. पहिली पदवी, तीन. मी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. तीनच होतं.

इक्बालभाई मात्र तक्त्याकडे बघत होते. "म्हंजे या सगळ्या ओळींत एकच आकडो?"

"इंशाल्ला, दहा वर्षांत."

"मग आपल्याकडं कोन येल? सगळा सारखा झाला तर विचारायचा काय?"

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमचं ऑफिस चालत होतं ते युरोपाचं एकमेकांशी जमत नाही म्हणून. बू यूसुफ विचारात पडले. मग त्यांनी चारही पानं पुन्हा चाळली, शेवटच्या पानावरच्या सह्या मोजल्या आणि निवांत खुर्चीला टेकले.

"इक्बाल, तीस माणसं आहेत," ते म्हणाले. "आपल्या बिल्डिंगमधल्या सहा भाडेकरूंचं पाण्याच्या टाकीवर एकमत झालंय का? यल्ला, काम कर."

*

जनाबियाच्या एका कंपाउंडमधून एक जोडपं यायचं. तो फ्रेंच, ती हंगेरियन. दोघंही इंजिनिअर. तिची पदवी त्याच्या देशात चालेना, त्याची तिच्या देशात. तिकडे असताना कायम दोघांपैकी एक जण घरी बसलेला. शेवटी दोघांना बहारीनमध्ये नोकरी मिळाली. इथं दोघांच्याही कागदांवर शिक्का बसला, आणि सात वर्षं सुखात गेली.

ती मला आवडायची. माझ्या अर्जाचं तिला माहीत होतं. आली की आधी विचारायची, "डोंगराकडून काही?" मी नाही म्हणून मान हलवायचे.

जूननंतर ते आले तेव्हा बू यूसुफनी उत्साहानं त्यांना फॅक्स दाखवला. "आता काळजी नाही. दोघांच्याही देशांनी सह्या केल्यात. आज ना उद्या तुम्हाला घरी जाता येईल."

नवरा खूश झाला. पानं उलटायला लागला. ती खिडकीतून बाहेर बघत होती. समोरच्या कॅफेचा माणूस फुटपाथवर पाणी मारत होता.

"हो," ती म्हणाली. "पण कुठल्या घरी, हे आता आम्हाला ठरवावं लागेल."

नवऱ्यानं पान उलटायचं थांबवलं. त्यानंतर पाच महिने दोघं आलेच नाहीत.

*

आता माझ्या फोनची गोष्ट.

सप्टेंबरात त्या विद्यापीठाचं पत्र आलं. लांबलचक लिफाफा, आत पाच ओळी. आपली पदवी तीन वर्षांची आहे. आमची पाच वर्षांची. आपल्याला कुठल्या वर्गात घ्यावं, किंवा घ्यावं का, हे ठरवता येत नाही. कृपया फोन करावा. वेळ मंगळवार आणि गुरुवार, दहा ते बारा.

दादानं पत्र वाचलं. तो बँकेत अकाउंटंट, त्याला तारीख लागते. "हे बघ रेवा, डिसेंबरपर्यंत. तोवर त्यांनी हो म्हटलं तर मी स्वतः तुला सोडायला येतो. नाहीतर जानेवारीपासून आमच्याकडे डेटा एन्ट्रीला बसायचं. मी साहेबांकडे शब्द टाकलाय."

"तीन महिन्यांत एक फोन लागणार नाही का?" वहिनी म्हणाली.

ऐकायला सोपं वाटतं. पण गुरुवार-शुक्रवार आमची सुट्टी, शनिवार-रविवार त्यांची. घरच्या फोनला बाहेरच्या देशाची लाइन नव्हती. गुरुवारी सनदच्या बूथवरून कार्ड घालून दोनदा केला. दोन्ही वेळा कार्ड संपेस्तोवर नुसतं संगीत ऐकलं. राहिला मंगळवार. ऑफिसच्या फोनला कुलूप, किल्ली इक्बालभाईंकडे. ते बिचारे मंगळवारी अकरा वाजता न सांगता किल्ली टेबलावर ठेवायचे. तिकडे दहा तेव्हा आमचे अकरा. बारापासून फोनची लाइन फॅक्सला लागायची, म्हणजे माझ्याकडे एक तास.

पहिल्या मंगळवारी एंगेज. दुसऱ्या मंगळवारी कोणत्या तरी संताचा सण. तिसऱ्या मंगळवारी एका बाईचा आवाज आला, मी भराभर सगळं बोलून टाकलं, आणि मग 'टूं' वाजलं तेव्हा कळलं की ते मशीन होतं. चौथ्या मंगळवारी रिंग गेली. एक, दोन. पलीकडे कोणी तरी उचलल्याचा खट्ट आवाज झाला.

मी दचकले आणि फोन ठेवून दिला.

इक्बालभाई बघत होते. उठले, चहा करून आणला, माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "बाय, आता त्यांना वाटला असंल, समुरचो मानूस भित्रो हाय."

त्या दिवशी पुन्हा लाइन लागलीच नाही, आणि नोव्हेंबर तर कोराच गेला. पाच मंगळवार लागोपाठ रिंग वाजत राहिली, कोणी उचलेचना. ना एंगेज, ना मशीन. मी मनाची तयारी करायला लागले. रात्री स्वयंपाक करताना वहिनीला म्हटलं, बँकेत साडी चालते का ड्रेसच घालावा लागतो? ती नुसती पोळ्या लाटत राहिली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक विद्यार्थी बू यूसुफना भेटायला आला, नुकताच इटलीहून परतलेला. बोलता बोलता म्हणाला, तिकडे थंडीत घड्याळं एक तास मागे करतात.

इक्बालभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे.

आपल्याकडे घड्याळ कधी हलत नाही, इथंही हलत नाही. ऋतू बदलला म्हणून वेळ बदलते हे कोणाच्या स्वप्नात येणार? ऑक्टोबर संपल्यापासून तिकडचे दहा म्हणजे आमचे बारा झाले होते. मी दर मंगळवारी अकरापासून, त्यांच्या कुलूपबंद खोलीत, त्यांच्या सकाळच्या नऊ वाजता, तासभर घंटा वाजवत बसले होते. आणि बारा वाजता ते दार उघडायचे तेव्हा मी किल्ली परत द्यायचे.

"अशी माणसा," इक्बालभाई म्हणाले. "सवताच्या घड्याळाशी सवता जुळवून घेत नायत, आनि निघाली तीस देश जुळवायला."

बू यूसुफना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आता तुझी वेळ कुठली, बिन्ती?" बिन्ती म्हणजे माझी मुलगी. मी सांगितलं, मंगळवारी बारा ते एक, कारण एकला आपलं ऑफिस जेवणासाठी बंद होतं. त्यांनी कागद घेतला, त्यावर अरबीत काही तरी लिहिलं आणि फॅक्सवर चिकटवलं. इक्बालभाईंनी वाचून दाखवलं : मंगळवारी बारानंतर मशीन आजारी आहे.

*

पुढच्याच मंगळवारी बारा ते एक एंगेज. त्यानंतर रमझान लागला, आणि तिकडची नाताळची सुट्टी सोडली तर महिन्यात दोनच मंगळवार शिल्लक होते.

रमझानात ऑफिसची वेळ बदलते. दुपारची जेवणाची सुट्टी नाही, सलग दोनपर्यंत काम, मग सगळे घरी. म्हणजे मला एकाऐवजी दोन तास. इक्बालभाईंचा रोजा, बू यूसुफांचा रोजा. बू यूसुफ खुर्चीत डोळे मिटून बसलेले. मी आत जाऊन दाराआड घोटभर पाणी पिऊन आले. समोर कागद ठेवला होता, त्यावर बोलायचं वाक्य इंग्रजीत लिहिलेलं. इक्बालभाईंनी फॅक्सची वायरच काढून हातात धरली होती.

बारा ते साडेबारा एंगेज. साडेबारा ते एक एंगेज. एक वाजून गेला. बोट दुखायला लागलं.

"सोड आता बाय," इक्बालभाई हळूच म्हणाले. "फुडल्या मंगळवारी बगू."

मी आणखी एकदा फिरवला. रिंग गेली. खट्ट झालं.

"प्रोंतो," पलीकडून एक पुरुषी आवाज म्हणाला. मागे दहा-बारा माणसं एकाच वेळी भांडत असल्यासारखा गलका होता.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि कागदावरचं वाक्य वाचलं. मी अमुक, बहारीनहून बोलतेय, माझी भूशास्त्राची पदवी आहे आणि ती तीन वर्षांची आहे.

"तीन?" तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "पूर्ण झाली? तीन वर्षांत?"

"हो."

"आणि त्यांनी तुम्हाला प्रमाणपत्र दिलं?"

"हो. माझ्याकडे आहे."

"फोन ठेवू नका," तो म्हणाला. "सिन्योरिना, प्लीज, काहीही झालं तरी फोन ठेवू नका. शेजारच्या खोलीत आमचे सगळे प्राध्यापक बसलेत. वरून हुकूम आलाय, पाच वर्षांचं तीन वर्षांत बसवा. आठवडाभर भांडतायत. स्वतःचा विषय सोडायला एकही तयार नाही."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. एक दार उघडलं, गलका एकदम मोठा झाला, मग तो काही तरी ओरडला आणि गलका थांबला. अगदी पूर्ण थांबला. बू यूसुफनी डोळे उघडले. इक्बालभाई वायर हातात घेऊन माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले.

मग खुर्च्या सरकल्या, पुष्कळशा, आणि पावलं जवळ आली. कोणी तरी घसा खाकरला. म्हातारा आवाज होता, थकलेला.

"सिन्योरिना," तो म्हणाला, "आम्ही सगळे ऐकतोय. कृपा करून सांगा, तुम्ही काय काय गाळलंत?"